पोटाची खळगी



पोटाच्या खळगीवर मी गेटसभांतून आजवर पुष्कळ बोललो. पण ती शरीरावर नेमकी कोठे असते असे कोणी विचारले असते, तर मी खुशाल बेंबीवर हात ठेवला असता. आज आपण ती शोधू. हात हलवा, लाजू नका.

गळ्याखालच्या खाचेपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. हाड संपते तेथे तलवारीच्या अणीसारखे एक टोक लागते. तरुणपणी ते कूर्चेचे, लवचीक असते; चाळिशीच्या सुमारास हळूहळू हाडाचे होऊ लागते. ते हाताला लागले म्हणून गाठ समजून रात्रभर न झोपलेला गडी मला ठाऊक आहे. या टोकापासून बरगड्यांच्या कडा घराच्या पाख्यांप्रमाणे दोन्हीकडे उतरतात. त्यांच्यामधली मऊ जागा ती खळगी. वैद्यकात तिला अधिजठर म्हणतात. आत यकृताचा डावा भाग, जठर, त्यामागे स्वादुपिंड; आणि कण्यालगत महारोहिणी, जिचे ठोके सडपातळ माणूस उताणा निजला की हाताला लागतात. वर श्वासपटलाचा पडदा आणि पडद्यावर टेकलेले हृदय.

घोळ होतो तो या शेजारामुळे. हृदयाच्या आणि जठराच्या वेदना मज्जारज्जूत जवळजवळच्याच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी माणूस हात ठेवतो तो खळगीवर.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात आमचा एक हमाल गठाणीला टेकून असाच बसला. खळगीवर मूठ दाबून म्हणाला, "पित्त झालं भाऊ, सोडा आना." सोडा मीच आणला. त्याला ढेकर आली, आम्ही सगळे हसलो. घामाने त्याची बंडी भिजली होती, ती मी उन्हाच्या खात्यावर टाकली. तासाभराने ऑटोत घातला तो वर्ध्याला पोहोचलाच नाही. पुढे डॉक्टरांनी मला हे सारे चित्र काढून समजावले तेव्हा मान वर करवेना.

ओझे उचलताना खळगीत दाब येतो, थांबले की उतरतो, हे पित्ताचे लक्षण समजू नका. घाम सुटला, दम लागला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, तर सोडा बाजूला ठेवा. बायकांत आणि मधुमेह्यांत कळ फार नसतेही. नुसती मळमळ असते. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती बोलवा आणि हृदयाचा आलेख निघतो अशाच ठिकाणी न्या. माणसाला चालवत नेऊ नका.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी सांगितली होती. त्या जिनिंगची पेटी मी दुसऱ्या दिवशी उघडवून घेतली. किल्ली सापडायला दुपार झाली. आत आयोडीनची सुकलेली बाटली होती आणि हजेरीपटाचे कोरे कागद.