नेम आणि नेमबाज



मुळशीकडच्या पोराला नेम धरायला कोणी शिकवत नाही. कैरीवर दगड मारता मारताच हात बसतो. मग आपण म्हणतो, "अमक्याचा नेम उपजतच चांगला." असेलही. पण नेम उपजत असला तरी नेमबाज घडवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. आज त्या वर्षांविषयीच बोलायचे आहे.

मुळशी तालुक्याच्या शिवेवर, म्हाळुंगे-बालेवाडीला, शिवछत्रपती क्रीडानगरी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ती उभी राहिली. तिथल्या मैदानावर सराव केलेल्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी!

त्याचा खेळ पन्नास मीटर रायफलचा. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन तऱ्हांनी गोळ्या मारायच्या. पन्नास मीटरांवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ केवढे? जेमतेम दहा मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखाएवढे म्हणा ना! श्वास आवरून, अंग स्थिर ठेवून, चाप हलकेच ओढायचा.

स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. २००९ साली, तेराचौदा वर्षांचा असताना, त्यांनी त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे पहिले वर्षभर शरीर कमावायचे आणि मग एक खेळ निवडायचा. त्याने नेमबाजी निवडली. २०१५ साली कुमार गटात आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्याच साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. हा खेळ खर्चाचा. रायफल महाग, आणि गोळी एकदा उडाली की पैसे गेलेच. महिन्याचा पगार हा अशा खेळाडूचा मोठा आधार असतो.

पुढे काय झाले? २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. त्या कामगिरीने भारताला ऑलिम्पिकची जागा मिळाली, पण पदक हुकले. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले, वैयक्तिक स्पर्धेत मात्र एक गोळी बिघडली आणि पुन्हा चौथाच. चौथ्या माणसाला कोणी हार घालत नाही. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. खेळणाऱ्याचा, आणि घरच्यांचाही.

पॅरिसच्या अंतिम फेरीतही गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो सहावा होता. पालथ्या गोळ्यांनंतर पाचवा. उभ्याने मारायच्या गोळ्यांत तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला.

गुरुजी, तुमच्या वर्गातही असा एखादा असेल. पहिल्याच वर्षी त्याच्याकडे पदक मागू नका. पालकांनो, तुम्हीही "यातून मिळणार काय?" असे रोज विचारू नका. महिन्याला एकदा एवढेच पाहा, की पोरगा सरावाला नेमाने जातो ना, आणि हातची गोळी बिघडली तर दुसऱ्या दिवशी परत उभा राहतो ना.

खाचरात रोप लावले, की त्याच दिवशी कणसे मोजायला आपण जात नाही. तेवढाच धीर पोराच्या बाबतीत धरला, तरी पुष्कळ झाले.