स्वच्छ नगरी आणि स्वच्छ ठेवलेली नगरी

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



सिंगापूर पाहून परतलेल्या प्रवाशाच्या बोलण्यात दोन गोष्टी हटकून येतात. पहिली, तेथील रस्त्यावर कागदाचा कपटाही दिसत नाही. दुसरी, कपटा टाकणाऱ्यास जबर दंड होतो. या दोन विधानांच्या मध्ये तो एक ‘म्हणून’ घालतो आणि विषय संपवतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तो ‘म्हणून’ हाच आहे.

प्रवाशाला तरी दोष कसा द्यावा? शहरी रेल्वेच्या स्थानकात पाऊल टाकताच पाटी दिसते : धूम्रपान केल्यास १००० डॉलर दंड, खाल्ल्या-प्यायल्यास ५०० डॉलर. उग्र वासाचे डुरियन फळ आणण्यासही मनाई. त्यापुढे मात्र दंडाचा आकडा नसतो. इंग्रजीत ‘फाईन’ म्हणजे सुंदरही आणि दंडही. या श्लेषावर बेतलेले, दंडांची यादी छापलेले सदरे तेथील दुकानांत स्मरणवस्तू म्हणून विकले जातात. च्युइंगमबद्दलची आख्यायिका तर सर्वतोमुखी आहे. वस्तुतः १९९२ साली बंदी आली ती त्याच्या आयातीवर आणि विक्रीवर. चघळून चिकटवलेल्या गमामुळे गाड्यांचे दरवाजे अडत, हे तिचे एक कारण. २००४ पासून औषधी स्वरूपाचा गम मिळू लागला आहे.

पाट्या खऱ्या आहेत, पण त्या या कथेच्या आरंभी नाहीत. १९६५ साली मलेशियापासून विलग झालेले हे बेट दाटीवाटीचे होते आणि पाण्यासाठी शेजाऱ्यावर अवलंबून होते. पंतप्रधान ली क्वान यू यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये स्वच्छतेची देशव्यापी मोहीम सुरू केली. त्या काळी रस्तोरस्ती फेरीवाले अन्न शिजवीत आणि खरकटे पाणी जवळच्या गटारात ओतीत. त्यांना केवळ दंड केला असता तर ते एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले असते, इतकेच. त्यांची नोंदणी झाली, परवाने दिले गेले, आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या बाजारगृहांत गाळे मिळाले. आधी नळ आणि मग नियम, असा तो क्रम होता. याच बाजारगृहांतील खाद्यसंस्कृतीची युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

नदीची कथाही अशीच आहे. आज सायंकाळी बोट की या धक्क्यावर दिव्यांच्या झगमगाटात प्रवासी जेवावयास बसतात. तेथील पाणी एके काळी दुर्गंधीने काळवंडलेले होते. डुकरे व बदके पाळणाऱ्यांच्या वाड्या, झोपड्या आणि बाजार यांची सर्व घाण त्यात उतरत असे. १९७७ साली दहा वर्षांची मुदत घालून शुद्धीकरण हाती घेतले गेले आणि १९८७ मध्ये ते पूर्णत्वास गेले. हजारो कुटुंबे शासकीय इमारतींतील सदनिकांत गेली. १९८३ साली मालवाहू पडाव पासिर पंजांगकडे हलविण्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर पोट भरणाऱ्यांचा धक्का सुटला. २००८ साली मुखाशी बांध घालून या नदीचे पाणी गोड्या पाण्याच्या जलाशयात वळविले गेले. ज्या प्रवाहाजवळून नाक धरून जावे लागे, तो आज पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. हे यश असामान्य होय. पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, हेही खरे.

आता त्या ‘म्हणून’कडे वळावे. इतक्या शिस्तीनंतर नागरिकांच्या अंगी सवय मुरली काय? आपली नगरी स्वच्छ आहे की केवळ स्वच्छ ठेवलेली आहे, असा प्रश्न सिंगापूरकर स्वतःच विचारतात. पहाटे प्रवासी निद्राधीन असताना झाडूवाल्यांची फौज काम करीत असते आणि तीत परदेशातून आलेले श्रमिकही असतात. कचरा टाकणाऱ्यांना सार्वजनिक जागा झाडावयास लावणारी शिक्षा १९९२ पासून आहे. तरीही बाजारगृहात जेवल्यावर आपले ताट उचलून ठेवावे, यासाठी २०२१ साली दंडाचा धाक घालावा लागला. मोहिमेला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

ग्रंथप्रेमींनी आणखी एका स्थळाचा शोध घ्यावा. स्टॅमफर्ड रोडवर लाल विटांचे राष्ट्रीय ग्रंथालय १९६० साली उघडले. ली काँग चियान या रबर व्यापाऱ्याने त्यासाठी पावणेचार लाख डॉलर दिले. ग्रंथालय सर्वांस विनामूल्य असावे आणि तेथे देशी भाषांतील ग्रंथांना स्थान असावे, ही त्याची अट होती. दोन पिढ्यांनी तेथे अभ्यास केला. पुढे वाहतुकीसाठी बोगदा खणण्याचे ठरले आणि ग्रंथालय त्याच्या मार्गात आले. नागरिकांनी त्या शिस्तीच्या शहरात क्वचितच दिसणारा विरोध केला; तरी २००४ साली ते बंद झाले आणि पाडले गेले. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर सोळा मजली भव्य ग्रंथालय उभे राहिले. सोयी वाढल्या, हळहळ मात्र राहिली. प्रवाशाच्या छायाचित्रांत ही हळहळ येत नाही, कारण जे पाडले गेले त्याचे छायाचित्र काढता येत नाही.

इंदूरने २०१७ पासून सलग सात वर्षे राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात पहिला मान मिळविला. तेथेही दंड होता. पण त्याच्या बरोबरीने दारोदार नियमाने येणारी कचरागाडी होती आणि ओला व सुका कचरा वेगळा करणारी घराघरांतील माणसे होती. ती गाडी आठ दिवस आली नाही तर केवळ पाटी काय करील?

ग्रंथालयातही नियम असतात आणि विलंबाबद्दल दंडही असतो. परंतु शंभर वर्षे पुस्तके परत येत राहिली, ती पुढचा वाचक वाट पाहत आहे याची जाणीव सभासदांना होती म्हणून. सिंगापूरला जाणाऱ्याने पाट्या अवश्य वाचाव्यात. त्याबरोबरच पहाटे लवकर उठून झाडू हाती घेतलेली माणसेही पाहावीत.