स्त्रीपार्टी नटाचे ऋण

मुंबईच्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी ‘संगीत मानापमान’ नाटकाचा जो प्रयोग झाला, तो मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘संयुक्त मानापमान’ या नावाने चिरस्मरणीय झाला आहे. एरव्ही एकमेकींशी चुरस करणाऱ्या गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भामिनी झाले. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. लोकमान्यांना जाऊन अद्याप वर्ष पुरे व्हावयाचे होते आणि त्यांच्या नावाने एक कोटी रुपये उभे करण्याचा राष्ट्राने संकल्प सोडला होता. त्या संकल्पाला हातभार लावण्यासाठी एक पुरुष शालू नेसून, केसांत फुले माळून उभा राहिला आणि थिएटरातील कोणालाही त्यात विसंगत असे काही वाटले नाही. धैर्यधर झालेल्या केशवरावांनीही लहानपणी शारदेच्या भूमिकेतच पहिला लौकिक मिळविला होता. म्हणजे त्या रात्रीचा नायक आणि नायिका दोघेही लुगड्याच्या शाळेत शिकून आलेले होते.

ही शाळा मुळात अडचणीतून निघाली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सीता कोणी व्हावयाचे हा प्रश्नच नव्हता. कुलीन स्त्रीने चारचौघांत तोंडाला रंग लावणे कल्पनेपलीकडचे होते. गोऱ्या, नाजूक, गोड गळ्याच्या मुलांना लुगडी नेसविण्यात आली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ उभे केले, पुढे ‘सौभद्र’ आले, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने स्त्रीभूमिकेला मानाचे आसन मिळवून दिले. नाटकवाल्यांच्या बोलीत या नटाला ‘स्त्रीपार्टी’ असे नाव पडले. जी गोष्ट नाइलाजाने पत्करली तिची पुढे विद्या झाली.

ती विद्या सोपी नव्हती. नऊवारी लुगडे नेसून चालावे कसे, वडीलधाऱ्यांसमोर पदर सावरावा कसा, रुसवा मानेच्या किती वळणात दाखवावा आणि किती डोळ्यांत, हे सारे घरातील आया-बहिणींकडे पाहून टिपावे लागे. बालगंधर्वांनी आवाज कृत्रिमपणे बारीक केला नाही. आपल्या स्वाभाविक स्वरातच ते गायले आणि तो स्वर श्रोत्यांनी स्त्रीचा म्हणून मानला. ‘मानापमाना’त श्रीमंत भामिनी साध्या वनमालेचे सोंग घेते. सोंग घेतलेला नट सोंग घेतलेली स्त्री रंगवितो आणि प्रेक्षकाला या दोन्ही पडद्यांचा विसर पडतो! त्या कलेची पोच याहून निराळी काय सांगावी? सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांची नेसण, त्यांची केशरचना उचलू लागल्या. स्त्रीत्वाचे धडे स्त्रियांनी पुरुषाकडून घ्यावे, असा हा विलक्षण उलटा व्यवहार होता.

परंतु ही केवळ रंजनाची कथा नव्हे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला देऊ करतो, अशी ती कथा. जरठ-कुमारी विवाहावर व्याख्याने पुष्कळ झाली होती; पण लग्नाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुलीचा आकांत घराघरांतील बापांना ऐकविला तो लुगडे नेसलेल्या मुलग्याने. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात तो ‘शारदा कायदा’ म्हणून अनेकांच्या तोंडी बसला. नामसाम्य योगायोगाचे खरे, पण लोकांच्या जिभेने केलेली ही चूक बोलकी आहे. तसेच १९०७ चे खाडिलकरांचे ‘कीचकवध’. त्यातील कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि विटंबना सोसणाऱ्या द्रौपदीत स्वदेशाला. ती द्रौपदीही पुरुषच होता. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली.

कंपनी म्हणजे फिरते एकत्र कुटुंबच असे. गावोगावचे मुक्काम, एक स्वयंपाकघर, एक पंगत, पहाटेचा रियाज, दुपारची तालीम. गरिबाघरच्या कित्येक मुलांना तेथे अन्न, आसरा आणि विद्या तिन्ही मिळाली. आणि ज्या स्त्रिया एरव्ही उंबरठ्याबाहेर क्वचित पडत, त्या आपल्या राखीव जागी बसून आपलेच दुःख रंगभूमीवर पाहू लागल्या.

याची किंमत मात्र नटाने भरली. वयात येताना आवाज फुटला की कित्येक मुलांची चाकरी संपे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल वारले. प्रयोग रद्द झाला नाही. घरी शोक आणि रंगमंचावर भामिनीचा तोरा, अशी ती रात्र गेली. मोठ्या नटाला निदान कीर्ती मिळाली. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला तीही पुरती आली नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी चित्रपटांतून नाच्या अजरामर केला. पण पडद्यावरील ते हावभाव लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटवून दिले. रंगमंचावर टाळी देणारा हातच रस्त्यावर बोट दाखवितो, हा अन्याय विसरता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पुरुषाने रंगविलेली आदर्श स्त्री पाहून समाज धन्य झाला आणि खऱ्या स्त्रीला विंगेतही उभे राहू देईना. १९३३ साली मुंबईस नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या आणि युग पालटू लागले. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही भामिनी, सिंधू होत राहिले. काळाने मात्र दार दुसऱ्यांसाठी उघडले होते, आणि ते उघडणे न्याय्यच होते.

आजही महाराष्ट्रात काही पुरुष कलावंत नऊवारी नेसून, घुंगरू बांधून लावणी सादर करतात. स्त्रियांना रंगमंच मिळाल्यावर ही कला निरर्थक झाली असे म्हणणाऱ्यांना त्यांचा फड हेच उत्तर आहे. आता हा वेष कोणी नाइलाजाने चढवीत नाही, आवडीने चढवितो. त्या कलावंताला शारदेचे, द्रौपदीचे आणि भामिनीचे वारसपण देणे आपल्या हाती आहे. तो फडावरून उतरून रस्त्याने घरी निघेल तेव्हा त्याच्याकडे बोट न दाखविणे, एवढे केले तरी त्या जुन्या ऋणाचा पहिला हप्ता फिटेल.