ताऱ्यांचे मंद सोबती
(महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवात शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आम्ही पडलो शाळामास्तर. वर्गात सांगतो तसेच येथे सांगू.

थंडीच्या दिवसांत मृग नक्षत्राच्या पायाशी शशक नावाचा लहानसा तारकासमूह दिसतो. त्यातल्या मुख्य ताऱ्याचे नाव अर्नेब. हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ससाच. याच शशकात ग्लीझ २२९ हा तांबडा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण अंतर सुमारे १९ प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशाच्या हिशेबाने शेजारीच. त्याच्या एका मंद सोबत्याची ही हकीकत आहे.

ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होत राहते, म्हणून तो दीर्घकाळ तेवतो. त्यासाठी गुरू ग्रहाच्या सुमारे ७५ ते ८० पट वस्तुमान लागते. त्याहून हलका गोळा जन्मतः तापलेला असला, तरी पुढे निवतच जातो. असे गोळे असू शकतात, हे शिव कुमार यांनी १९६३ साली गणिताने मांडले. पुढे १९७५ साली जिल टार्टर या विदुषींनी त्यांना ‘तपकिरी बटू’ हे नाव दिले.

पण ते पाहावयाचे कसे? लोहाराच्या भट्टीतले लोखंड बाहेर काढले की पिवळे, मग लाल, शेवटी काळे दिसते. काळे झाले म्हणून त्याला कोणी हात लावील काय? त्याची धग दुरूनच जाणवते. ती धग म्हणजेच अवरक्त प्रकाश. निवत चाललेला बटू याच प्रकाशात सापडतो. अडचण शेजारच्या ताऱ्याची. अवरक्तातही ग्लीझ २२९ चा सोबती त्याच्याहून सुमारे १०,००० पटींनी मंद. म्हणून दुर्बिणीत ताऱ्यावर लहानशी चकती धरून त्याचे तेज झाकतात.

ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीतून तेथे एक ठिपका दिसला. शोधणाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म १९५६ साली कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचे. आपल्या बेळगावच्या दोन बाजूंची ही गावे.

ठिपका दिसला, पण जाहीर केला नाही. मागे दूरवर असलेला एखादा तारा त्याच रेषेत दिसत असेल तर? ग्लीझ २२९ आकाशात वर्षाला सुमारे पाऊण विकला सरकतो. खरा सोबती त्याच्याबरोबर सरकेल, मागचा तारा जागीच राहील. मंडळी वर्षभर थांबली. ठिपका ताऱ्याबरोबर सरकला होता! २०० इंची दुर्बिणीने त्याच्या अवरक्त प्रकाशात मिथेन वायूची खूण दाखविली. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही, शंका फिटली. ऑक्टोबर १९९५ मध्ये शोध जाहीर झाला.

तरी एक कोडे राहिले. पुढे वस्तुमान मोजले, ते गुरूच्या सुमारे ७० पट भरले. तेवढ्या वजनाच्या मानाने तेज फार कमी. उत्तर २०२४ साली मिळाले. तो एक नव्हेच, दोन बटू आहेत: गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे, १२ दिवसांत परस्परांभोवती फिरणारे.

ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे. उत्तर लवकर देणाऱ्यास परीक्षेत गुण मिळतात. पण हाती आलेले उत्तर वर्षभर मिटल्या मुठीत ठेवून ते पुन्हा पडताळण्याची सवय परीक्षा लावीत नाही. ती घरांनी आणि शाळांनी लावावयाची आहे.