माडाचा वैद्य

शहरातील गृहिणी नारळ विकत घेताना तो कानाशी धरून हलविते, पाण्याचा आवाज ऐकते आणि मगच पैसे देते. परंतु नारळाची ही काही पहिली परीक्षा नव्हे. त्यापूर्वी जमिनीपासून पन्नास-साठ फूट उंचीवर, वाऱ्याबरोबर हेलकावणाऱ्या माडाच्या शेंड्यात बसून एका माणसाने कोयत्याच्या पाठीने त्यावर ठोका मारलेला असतो, आणि तयार कोणता व आणखी महिनाभर झाडावर ठेवावयाचा कोणता, याचा निवाडा केलेला असतो. दक्षिण कोकणात व गोव्यात या माणसाला पाडेली म्हणतात. नारळ पाडतो म्हणून पाडेली, हे खरे. पण त्या नावात त्याच्या कामाचा अर्धाच भाग येतो. उरलेला अर्धा भाग वैद्यकीचा आहे, आणि आजच्या भाषणाचा रोख मुख्यतः त्याकडे आहे.

पाडेली कोणाचा चाकर नसतो. गावातील काही घरांचे माड रिवाजाने त्याच्याकडे आलेले असतात. दर दीड-दोन महिन्यांनी त्याची फेरी व्हावयाची, माडामागे ठरलेली मजुरी घ्यावयाची, आणि घरधणीण वर दोन-चार नारळ देईल ते निराळे. त्याला पगार नाही, रजा नाही, म्हातारपणीची तजवीज नाही. ज्या दिवशी चढला त्या दिवशी मिळकत. ज्या दिवशी अंग दुखले त्या दिवशी काही नाही. त्याचे भांडवल म्हणजे कमरेची आकडी, तीत अडकविलेली कोयती, काथ्याची दोरी, आणि टोकाला वाकविलेली एक लोखंडी सळई. या शेवटच्या हत्याराचे प्रयोजन पुढे येईल.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी तो वाडीत येतो. आल्याबरोबर तो चढत नाही. प्रथम माडाभोवती एक फेरी घालतो. पाहणाऱ्यास वाटावे, हा उगाच वेळ काढीत आहे; वस्तुतः तपासणी सुरू झालेली असते. शेंड्यातील मधली कोवळी झावळी सरळ उभी आहे की कललेली? उलगडलेल्या झावळ्या कातरीने कापल्यासारख्या दिसतात काय? खोडातून कोठे तांबूस चीक पाझरतो काय? विजेची तार किती दूर आहे? झावळ्यांत गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना? एवढे पाहून झाले की घोट्यांभोवती दोरीचे कडे अडकवून तो चढू लागतो.

पुष्कळ ठिकाणी चढण्यासाठी खोडात खाचा पाडलेल्या आढळतात. जाणता पाडेली नवी खाच पाडावयास नाखूष असतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आंब्याच्या किंवा फणसाच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. त्यामुळे त्या झाडांना झालेली जखम हळूहळू कडेने मिटत येते. माडाच्या खोडात असा थर नसतो. त्याची जखम कधीही भरून येत नाही. दहा वर्षांपूर्वीची खाच आजही तशीच उघडी असते, तीत पाणी साचते, आणि किडीला घर मिळते. माडाला केलेली इजा कायमची असते, हे पाडेल्याचे पहिले ज्ञान होय.

दुसरे ज्ञान याहून मोठे आहे. आंब्याची फांदी तोडली तर दुसरीकडून धुमारा फुटतो. माडाला फांद्या नाहीत. त्याला एकच कोंब. खोडाच्या अगदी टोकाशी, कोवळ्या पात्यांच्या आत दडलेल्या त्या एका कोंबातून त्याची प्रत्येक झावळी व प्रत्येक पोय जन्मास येते. तो कोंब गेला की माड गेला, मग खोड कितीही भक्कम असो. ज्याचे आयुष्य साठ-सत्तर वर्षे फळे देण्याचे, त्या झाडाचा सगळा जीव वीतभर जागेत असतो, आणि ती जागा जमिनीवरून दिसत नाही. घरातले लोक जन्मभर त्या माडाच्या सावलीत वावरतात. पण त्याच्या मस्तकाशी जाणारा माणूस एकच, पाडेली.

शेंड्यात पोचल्यावर त्याला काय दिसते? पूर्ण वाढलेल्या माडावर तीस-पस्तीस झावळ्या असतात. साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, आणि तिच्या बेचक्यात एक पोय. पोय फुटल्यापासून नारळ पक्व होण्यास सुमारे एक वर्ष लागते. तेव्हा एकाच शेंड्यात कालच्या फुलापासून वर्षाच्या तयार नारळापर्यंत बारा महिन्यांचे घड एकाखाली एक मांडलेले असतात. त्यांतला खालचा घड तेवढा काढावयाचा. घाईने त्याच्यावरचा काढला तर खोबरे पातळ निघते आणि पुढच्या फेरीचे नुकसान होते.

परंतु कोयती घडाकडे वळण्यापूर्वी पाडेली कोंबाकडे पाहतो. माडाचा नेहमीचा शत्रू गेंड्या भुंगा. डोक्यावर शिंग असलेला हा काळा भुंगा न उलगडलेल्या झावळीत शिरून तिचा गाभा खातो. पुढे ती झावळी उलगडली की तिच्यावर त्रिकोणी कातरकाम दिसते. भोकाशी चघळलेला भुसा आढळला की भुंगा आत आहे असे समजावे. मग ती वाकविलेली सळई बाहेर निघते; भोकात घालून भुंगा ओढून काढावयाचा, आणि वरच्या बेचक्यांतून वाळूत मिसळलेली निंबोळीची पेंड भरावयाची. गेंड्याने केलेल्या जखमेत दुसरा सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या आतून माड पोखरून टाकतात. पहिला भुंगा वेळीच निघाला तर दुसऱ्याला वाट सापडत नाही. खाली उतरल्यावर पाडेली यजमानाला गायरी उपसून शेण उलथावयास सांगतो, कारण गेंड्याच्या अळ्या त्या कुजलेल्या शेणातच वाढतात. वैद्याने पथ्य सांगावे, तसे हे पथ्य.

त्यानंतर साफसफाई. वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयींची खोळ, उंदरांनी केलेली घरटी, सर्व काढावयाचे. हिरव्या झावळीला मात्र तो हात लावीत नाही. लग्नाचा मांडव घालावयाचा असला की यजमान म्हणतात, चार हिरव्या झावळ्याही काढ. पाडेली मान हलवितो. प्रत्येक हिरवी झावळी आपल्या बेचक्यातील घडास अन्न पुरविते आणि त्याचे ओझे खांद्यावर पेलते. ती गेली की घड लोंबकळून देठात मोडतो. येथे मजुरी वाढविण्याची संधी असूनही तो नकार देतो. कापण्यावर ज्याचे पोट आहे, त्याने कापू नये असे सांगणे ही या धंद्यातील सचोटीची कसोटी होय.

चांगला पाडेली दिवसात वीस-पंचवीस माड चढतो. प्रत्येकी पन्नास फूट धरले तरी पंचवीस माडांची चढण साडेबाराशे फूट होते, आणि तेवढीच उतरण. मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे; त्याच्या बाहेरील भिंतीवरून चार वेळा चढून उतरावे, आणि वर प्रत्येक वेळी एका हाताने कोयती चालवावी, असे हे काम आहे. हातांची व छातीची कातडी खोडाला घासून घट्ट होते. गुडघे मात्र लवकर म्हातारे होतात.

या श्रमांना पावसाळ्यात धोक्याची जोड मिळते. खोडावर शेवाळ धरते, पाय सरकतो. आणि नेमकी याच दिवसांत नारळाची मागणी वाढते. श्रावणात नारळी पौर्णिमा, भाद्रपदात गणेशचतुर्थी. घरोघर मोदकांचे सारण व्हावयाचे, आणि नारळ मात्र ओल्या माडावर.

वेंगुर्ल्याकडच्या एका घरी असाच प्रसंग आला. अकरा माड, घरात वृद्ध आई, आणि चतुर्थीसाठी मुंबईहून आलेला मुलगा. सणाला चार दिवस उरले होते. पाऊस नुकताच थांबला होता. पाडेल्याने नेहमीप्रमाणे माडांभोवती फेरी घातली, एका खोडावर तळहात ठेवला, आणि आज चढत नाही असे सांगितले. मुलाने मजुरी दुप्पट देऊ केली. पाडेली म्हणाला, "पैशे तुमी देशात, पण माड कोण सुकवतलो?"

मुलगा चिडला. आई मात्र काही वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "नको चढूस. बाजारातून आणूया." मागील पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतील एक पाडेली यजमानाच्या आग्रहास्तव ओल्या माडावर चढला होता. तो पडला, आणि तेव्हापासून त्याची पाठ अंथरुणाला लागली आहे. ज्या यजमानाने आग्रह केला, त्याचे नारळ त्या दिवशी मिळाले. त्या घराची मिळकत मात्र कायमची बंद झाली. अकरा भरलेले माड दारात असताना त्या घरी चतुर्थीला विकतच्या नारळांचे मोदक झाले.

सणानंतर ऊन पडले आणि पाडेली आपण होऊन आला. तयार नारळ असलेले दहा माड त्याने आटोपले. अकरावा माड लहान होता. त्यावर पाडण्याजोगे काही नव्हते. तरीही तो त्यावर चढला. चार दिवसांपूर्वीच्या फेरीत त्याची मधली झावळी किंचित पिवळसर दिसली होती. वरून त्याने हाक दिली, "काकी, ह्या माडाचो कोंब कुसूक लागलो हा!" पावसाळी हवेत लागणारा हा कोंबकुजीचा रोग. मधली पाने हाताने ओढताच उपटून येतात, घाण सुटते, आणि कूज खाली कोंबापर्यंत पोचली की इलाज संपतो. येथे ती अद्याप पोचली नव्हती. त्याने कुजलेला भाग निरोगी गाभा लागेपर्यंत खरवडून काढला, मोरचूद व चुना यांचा लेप भरला, आणि पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद बांधला. उतरल्यावर त्याने दहा माडांचे पैसे मागितले. अकराव्याचे मागितले नाहीत, कारण रिवाज नारळ पाडण्याच्या मजुरीचा आहे. पाहण्याची मजुरी कोणी ठरविलेलीच नाही. आईने अकरा माडांचे पैसे दिले. दिवाळी उलटल्यावर त्या माडाला नवी झावळी आली.

या एका माडाच्या मजुरीत साऱ्या धंद्याचा प्रश्न सामावला आहे. आज पाडेली मिळत नाहीत अशी तक्रार किनारपट्टीवर सर्वत्र ऐकू येते. त्यांची मुले मुंबईस अथवा गोव्यास नोकरीला जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. धोका मोठा, मान थोडा, पावसाळ्यात मिळकत बेभरवशाची. ही अडचण ओळखून नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात तरुणांना माडावर चढण्याचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात पायांनी चालविण्याचे चढण्याचे यंत्र वापरतात; त्याने छाती घासत नाही, खोडाला खाचाही पडत नाहीत. बुटक्या जातींच्या माडांवर तर पहिली काही वर्षे जमिनीवर उभे राहूनच फळ काढता येते. ही सर्व साधने स्वागतार्ह आहेत. तथापि यंत्र माणसास शेंड्यापर्यंत नेते. तेथे काय पाहावयाचे, हे त्या माणसालाच शिकावे लागते, आणि ते शिकण्यास वर्षे लागतात.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या गावच्या घरी माड असतील. काहींच्या शहरातील अंगणातही असतील. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ओल्या माडावर चढण्याचा आग्रह पाडेल्यास कधीही करू नये. हिरव्या झावळ्या मागू नयेत. आणि ज्या माडावर पाडण्यासारखे काही नाही, त्यावरही त्याला चढावयास सांगून त्या चढण्याचे पूर्ण पैसे द्यावेत. वैद्याने नाडी पाहून रोग नाही असे सांगितले, तरी कोणी त्याचे मानधन कापीत नाही. माडाच्या वैद्यालाही हाच न्याय लागू व्हावा, म्हणजे त्याचा मुलगा हा धंदा निदान विचारात तरी घेईल.