काळी चिमणी आणि दगड

नाटक-सिनेमात एखादी वस्तू पुन्हा पुन्हा दिसू लागली की कान टवकारावेत. लेखक-दिग्दर्शक तिच्यावाटे काहीतरी सांगू पाहतो.

नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' हा सिनेमा आठवा. त्याचा नायक, शाळकरी जब्या, हातात गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकतो. ती जाळून तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपल्यावर भाळेल, असं त्याला वाटतं. चिमणी पुन्हा पुन्हा दिसते, पण हाती लागत नाही. दुसरीकडे डुक्कर. ते पकडण्याचं काम त्याच्या घराच्या वाट्याला आलेलं आणि त्यावरूनच गाव त्यांना हिणवतं. एक हुलकावणी देतं, दुसरं पाठ सोडत नाही. या दोघांमध्ये अख्खी जातव्यवस्था उभी राहते, तीही भाषणाविना. शेवटी मेलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रं दिसतात. चिमणीवर नेम धरणारा तोच हात मग चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो, आणि दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. मला हा मराठी सिनेमातला सर्वांत धाडसी शेवट वाटतो.

रंगमंचावर असं पुन्हा पुन्हा दिसून काहीतरी सांगण्याचं काम १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकातल्या माणसांच्या भिंतीनं केलं. गाणारी, डोलणारी ती रांग वेळ आली की पाठ फिरवते, आणि पुण्याचं ढोंग उघडं पडतं.

'फँड्री' पुन्हा बघाल, तेव्हा फक्त त्या चिमणीवर लक्ष ठेवा.