वसतिगृहातली पंगत

मूल्यशिक्षण म्हटलं की परिपाठ, सुविचाराचा फळा आणि आठवड्याचा एखादा तास डोळ्यांपुढे येतो. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे शिक्षण थेट स्वयंपाकघरात नेलं होतं.

१९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहत. पाणी भरणं, स्वयंपाक, झाडलोट अशी कामं मुलंच करत आणि एका पंगतीला जेवत. दलितांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट! समतेवरचं व्याख्यान ऐकून मूल मान डोलावतं; पण सोबत्यानं थापलेली भाकरी रोज खाल्ली की भेदाभेदाला मनात जागा उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

१९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पण या घराचा खरा आधार होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हे पाहणाऱ्या मुलांना त्यागावर वेगळा धडा कशाला हवा?

आज आपल्या शाळांत दुपारचं जेवण शिजतंच. शिक्षकांनी त्याच पंगतीत बसावं आणि वाढायचं काम आळीपाळीनं प्रत्येक मुलाकडे द्यावं. वेळापत्रकात त्यासाठी नवा तास लागणार नाही.